टाक्यांची जनसुनावणी : नोटिशीपासून मंजुरीपर्यंत काय काय झालं

22 नोव्हेंबर 2022 ला पेपरात आतल्या पानावर एक नोटीस आली होती, टेंडरच्या जाहिरातींच्या मध्ये, बारीक अक्षरात. मुंबईत चेंबूर-माहुल भागात आमच्या बिल्डिंगमागच्या एका कंपनीला (नाव लिहीत नाही, इकडचे लोक ओळखतील) तेलाच्या आणि गॅसच्या टाक्या वाढवायच्या होत्या आणि त्यासाठी पर्यावरण विषयक जाहीर जनसुनावणी 27 डिसेंबरला सकाळी 11 वाजता. मी ती वाचलीच नसती, सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला आणि खाली लगेच तीस-चाळीस मेसेज, "हे थांबवलंच पाहिजे", "मोर्चा काढू", "नगरसेवकाला भेटू". नगरसेवक कुठून आणणार, पालिकेची मुदत मार्चमध्येच संपली होती, सगळा कारभार प्रशासकाच्या हातात. म्हणजे ज्याच्याकडे जाऊन बसायचं तो माणूसच जागेवर नव्हता.

जनसुनावणीत नेमकं काय होतं, बोलायला कोणाची परवानगी लागते का, वकील लागतो का, काहीही माहीत नव्हतं. नेटवर शोधलं तर एक तर सरकारी पीडीएफ नाहीतर आंदोलनाच्या बातम्या. साध्या माणसाने काय करायचं ते कुठेच नाही, म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

आधी थोडं आमच्या भागाबद्दल. मुंबईचं तेल निघतं भर समुद्रात, बॉम्बे हाय किनाऱ्यापासून साधारण 160 किलोमीटरवर, त्यामुळे विहीर खोदणं वगैरे आपल्याला लांबचं वाटतं. पण ते तेल आणि गॅस पाइपलाइनने उरणला येतो, तिथून ट्रॉम्बेला, आणि मग रिफायनऱ्या, टाक्या, टँकरची रांग, हे सगळं आमच्या वाशी नाका, माहुल गाव, आंबापाड्याच्या अंगणात. 8 ऑगस्ट 2018 ला दुपारी इथल्या रिफायनरीत स्फोट झाला तेव्हा आमच्या खिडक्या हादरल्या होत्या. 2019 च्या सप्टेंबरात एका रात्री पवईपासून अंधेरीपर्यंत लोकांनी गॅसचा वास येतोय म्हणून फोन केले, तेव्हा बाकीच्या मुंबईला पहिल्यांदा कळलं असेल की हे काय असतं. आम्हाला त्यात नवीन काही नव्हतं. 2020 मध्ये हरित लवादाने (पर्यावरणाच्या केसेस ऐकणारं कोर्ट) या भागातल्या हवेच्या प्रकरणात चार कंपन्यांवर मिळून 286 कोटींची भरपाई लावली, ती केस चालवणारे माहुलचेच कोळी बांधव होते, हे इथे बऱ्याच जणांना अजून माहीत नाही.

तर नोटीस. त्यात लिहिलेलं असतं की पर्यावरण परिणाम अहवालाचा (प्रकल्पाने आजूबाजूच्या हवा-पाण्यावर, माणसांवर काय परिणाम होईल त्याचा) मसुदा अमुक अमुक ऑफिसात बघायला ठेवलाय. कायद्याने सुनावणीच्या आधी किमान 30 दिवस तो ठेवावा लागतो, जिल्हाधिकारी, महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र, प्रदूषण नियंत्रण मंडळ अशा ठिकाणी. मी रजा टाकून निघाले. पहिल्या ऑफिसात (कुठलं ते राहू दे) शिपायाने विचारलं, "कशाला पाहिजे? कंपनीकडून आलात का?" नाही म्हटल्यावर त्याला प्रश्न पडला की मग मी कोण. साहेब मीटिंगमध्ये, ज्यांच्या कपाटात अहवाल त्या मॅडम दोन दिवस सुट्टीवर. तेव्हा सरळ एका कोऱ्या कागदावर लिहिलं की आज अमुक वाजता अहवाल बघायला आले, तो उपलब्ध झाला नाही, आणि आवक-जावक टेबलावर देऊन पोच मागितली. पोचेचा शिक्का मारायच्या आधी अहवाल सापडला. मॅडम सुट्टीवर होत्या पण किल्ली शेजारच्या टेबलाच्या खणात होती.

अहवाल म्हणजे सातशेच्या वर पानं, इंग्रजीत. मराठीत फक्त कार्यकारी सारांश, पंचवीस-तीस पानांचा. सारांश वाचून कोणालाही वाटेल की टाक्या आल्या की चेंबूरची हवा सुधारणारच. खरा मजकूर मोठ्या अहवालात असतो आणि तो सगळा वाचायचा नसतो, हे मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं. काका निवृत्त आहेत, आयुष्यभर बॉम्बे हायवर 14 दिवस समुद्रात 14 दिवस घरी अशी नोकरी केली. ते म्हणाले, "तीन गोष्टी काढ. हवेची मोजणी कुठल्या महिन्यांत केली, धोक्याच्या विश्लेषणातले नकाशे, आणि लोकसंख्या कुठल्या सालची धरली. बाकी सगळं कॉपी-पेस्ट असतं." ऑफिसात मोबाईलने फोटो काढू दिले, झेरॉक्सचा खर्च वाचला. कोणी अडवलं तर भांडू नका, नकाशाची पानं तरी फोटो काढू द्या म्हणा, तेवढं मिळतं.

मग रविवारी काका आणि मी आमच्या डायनिंग टेबलावर ते नकाशे घेऊन बसलो. टाकीला आग लागली तर उष्णता कुठपर्यंत जाईल त्याची वर्तुळं असतात, एकात एक. सगळ्यात आतलं 37.5 किलोवॅट प्रति चौरस मीटर, तिथे शेजारची यंत्रसामग्रीच खलास. मधलं 12.5, तिथे लाकूड पेटू शकतं, प्लास्टिक वितळतं. बाहेरचं 4, तिथे उघड्यावर वीसेक सेकंद राहिलं तर कातडी भाजायला लागते. नकाशा ए-फोरवर इतका बारीक छापलेला की रस्त्यांची नावं दिसत नव्हती, मुलाचा कंपास बॉक्स आणला, खालच्या स्केलवरून मीटर मोजले आणि मोबाईलच्या मॅपवर तेच अंतर लावलं. आमची बिल्डिंग बाहेर. ते बघून मला बरं वाटलं हे कबूल करते. पण शेवटचं वर्तुळ कंपनीची भिंत ओलांडून रस्त्यावर येत होतं, आणि त्याच्या आत रिक्षा स्टँड, वडापावची गाडी आणि एक बालवाडी. अहवालात त्या जागी लिहिलेलं होतं, "मोकळी जागा". उपग्रहाचा फोटोच जुना होता.

लोकसंख्येचं तर विचारूच नका. आकडे 2011 च्या जनगणनेचे. त्यानंतर माहुलला प्रकल्पग्रस्तांच्या 72 बिल्डिंगांमध्ये तानसाच्या पाण्याच्या पाइपलाइनच्या कडेची हजारो कुटुंबं आणून टाकली, त्यावर हायकोर्टात केस झाली, 2019 मध्ये कोर्टाने सरकारला सांगितलं की ज्यांना तिथे राहायचं नाही त्यांना दुसरीकडे घर द्या नाहीतर महिन्याला 15,000 भाडं द्या. एवढं सगळं पेपरात येऊन गेलं आणि अहवालात ती माणसं नाहीतच.

काकांनी त्या दिवशी जुलै 2005 ची गोष्ट सांगितली. 27 तारीख, म्हणजे मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. बॉम्बे हायवर एका जहाजावरचा आचारी जखमी झाला होता, बोटं कापली होती, त्याला प्लॅटफॉर्मवर चढवायला जहाज जवळ आणलं आणि ते लाटांनी जाऊन गॅसच्या रायझरला धडकलं, रायझर म्हणजे समुद्रतळातून वर येणारा उभा पाइप. दोन तासांत प्लॅटफॉर्म गेला, 22 माणसं गेली. काका त्या आठवड्यात घरी होते. "आग कुठून लागली हे नको विचारूस," म्हणाले, "आग लागल्यावर मागून येणारा माल किती वेळात बंद होतो ते विचार. झडप कुठे आहे, ती आपोआप बंद होते की माणूस पाठवावा लागतो." माझ्या यादीतला सगळ्यात चांगला प्रश्न हा निघाला.

दुसऱ्या बाजूने मी 2 डिसेंबरला माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. मागितलं एवढंच की आमच्या भागाचा ऑफ-साइट आपत्कालीन आराखडा, म्हणजे कंपनीच्या भिंतीबाहेर आग-गळती आली तर कोणी काय करायचं त्याचा कागद, आणि शेवटची रंगीत तालीम कधी झाली. 1989 चे घातक रसायनांचे नियम आहेत, त्यात ही तालीम वर्षातून एकदा घ्यायची असते आणि आजूबाजूच्या लोकांना काय करावं काय करू नये हे कंपनीने सांगायचं असतं. आमच्या बिल्डिंगमध्ये पस्तीस वर्षं राहणाऱ्यांना विचारलं, कोणालाच कोणी काही सांगितलेलं नाही. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, त्यामुळे रागाची सगळी वाक्यं कापावी लागतात. त्यात आपलाच फायदा आहे.

सासूबाईंना दमा आहे. त्या आधीपासून कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी खुणा करायच्या, वास आला की "वा", रात्री पंप घ्यावा लागला की "पं". त्यावर मी वेळ आणि वारा कुठून होता तेवढं जोडायला सांगितलं. तीन महिन्यांची पानं झेरॉक्स करून लावली हरकतीला. त्यातून असं दिसत होतं की वास बहुतेक वेळा रात्री दहानंतर आणि पहाटे, वारा पडला की. आणि अहवालातली मोजणी मार्च ते मे, तेव्हा दुपारी समुद्रावरचा वारा भन्नाट असतो. एकाच सीझनची मोजणी चालते, पावसाळा सोडून कुठलाही, त्यात बेकायदा काही नाही. पण मुंबईची हवा कधी कोंडते हे त्या डिसेंबरमध्ये सगळ्यांनीच बघितलं, दिल्लीपेक्षा वाईट आकडे येत होते. बेंझिनची (तेलातून हवेत उडणारं विषारी रसायन) वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम आहे, अहवालात 3 च्या आसपास, छान. आमचा प्रश्न एवढाच की हे डिसेंबरच्या रात्रीचं किती.

सुनावणीच्या आधी ग्रुपमधले निम्मे लोक गळाले. एक जण म्हणाला सगळं फिक्स असतं, एकाने तर सुनावलं की रिफायनरी आधी होती तुम्ही नंतर आलात. हा युक्तिवाद मला नेहमी ऐकावा लागतो. आम्ही नंतर आलो असू, माहुलचा कोळीवाडा तर कोणाच्याही आधीचा आहे ना.

27 डिसेंबर. हॉल भरला होता, पुढच्या पाच-सहा रांगा अकराच्या आधीच. पांढऱ्या टोप्या घातलेली पोरं, "स्थानिकांना नोकऱ्या द्या" म्हणून. आमच्यातले काही जण त्यांच्यावर चिडले, कंपनीने बसने आणलंय म्हणून. आणलंही असेल, पण त्यातली निम्मी वाशी नाक्याचीच पोरं होती आणि नोकरी मागण्यात चूक काय. स्टेजवर जिल्हाधिकाऱ्यांच्या वतीने अप्पर जिल्हाधिकारी, प्रदूषण मंडळाचे अधिकारी, कंपनीचे लोक आणि सल्लागार. सुनावणीला कोरम नसतो, दहा माणसं आली तरी होते, आणि कुठल्याही नागरिकाला बोलता येतं, वकील लागत नाही. व्हिडिओ शूटिंग सक्तीचं असतं. दारात नाव-पत्ता लिहून टोकन घ्यायचं, हे लवकर घ्या, कारण जेवायच्या वेळेनंतर स्टेजवरचं लक्ष घड्याळाकडे जातं.

कंपनीचं प्रेझेंटेशन पाऊण तास, इंग्रजी स्लाइड्स, मग मागून आवाज झाला "मराठीत सांगा" आणि सल्लागाराने घाम पुसत मराठीत सांगितलं. पहिले काही वक्ते भाषण करून गेले, टाळ्या, घोषणा. लिहिणाऱ्या क्लार्ककडे माझं लक्ष होतं. दहा मिनिटांच्या भाषणाला त्याने एक ओळ लिहिली, "प्रकल्पास विरोध दर्शविला." तेव्हा मी माझं लिहून आणलेलं बोलणं बाजूला ठेवलं आणि फक्त प्रश्न वाचले, नंबर घालून. पान अमुकवर मोकळी जागा लिहिलंय तिथे बालवाडी आहे, नकाशा दुरुस्त करणार का. 2011 नंतर आलेली लोकसंख्या धरणार का. झडप किती सेकंदात बंद होते. हिवाळ्यातल्या रात्रीची मोजणी करणार का. क्लार्कला प्रत्येकाला एक ओळ लिहावीच लागली. त्यांची उत्तरं तिथे गोलमोलच आली, "नोंद घेतली आहे", "मानकांनुसार आहे". पण सुनावणीत नोंदलेल्या मुद्द्यांना कंपनीला अंतिम अहवालात लेखी उत्तर द्यावं लागतं.

माहुलच्या एक मावशी उठल्या. हातात कागद नाही. म्हणाल्या, "साहेब, तुमच्या कागदात खाडी आहे का? खाडी आहे तर त्यात आम्ही आहोत का?" सल्लागार म्हणाला, प्रकल्पातून सांडपाणी खाडीत सोडणार नाही. "मग आता जे येतं ते कोण सोडतं?" हॉल शांत. साहेबांनी क्लार्कला सांगितलं, हे जसंच्या तसं लिहा.

शेवटी एक गोष्ट राहून जाते ती राहू देऊ नका. इतिवृत्त, म्हणजे सुनावणीत झालेल्या बोलण्याची नोंद, तिथल्या तिथे मराठीत वाचून दाखवायचं असतं आणि त्यावर सह्या व्हायच्या असतात. साडेतीन वाजले होते, सगळे उठायला लागले होते, मी आणि काका पुढे गेलो आणि विनंती केली की वाचा. थोडी नाराजी दिसली, पण अप्पर जिल्हाधिकारी म्हणाले बरोबर आहे, वाचा. माझा झडपेचा प्रश्न "अग्निसुरक्षेबाबत विचारणा" झाला होता. तो दुरुस्त करून घेतला. लेखी हरकत आणि कालनिर्णयची पानं वेगळी दिली, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला.

माहिती अधिकाराचं उत्तर तीस दिवस पुरे होता होता आलं. अर्ज एका खात्याने दुसऱ्याकडे पाठवला, दुसऱ्याने सुरक्षेच्या कारणाने आराखडा देता येत नाही असं कळवलं. पहिलं अपील केलं, 20 रुपये, त्याची सुनावणी फेब्रुवारीत. अपिलात मी लिहिलं की ज्या कागदाचा हेतूच लोकांना वाचवणं आहे तो लोकांपासून लपवून काय वाचणार, आणि हवं तर पाइपलाइनचे तपशील झाकून बाकीचं दाखवा. नुसतं "द्या" म्हणण्यापेक्षा "हे झाकून द्या" म्हटलं की अधिकाऱ्यालाही सही करायला सोपं जातं. मार्चमध्ये कागद बघायला बोलावलं, पहिला तास फुकट असतो, पानं 2 रुपयांप्रमाणे. आराखड्यात आमच्या भागाची एकत्र जमायची जागा म्हणून जे मैदान लिहिलं होतं तिथे आता पार्किंग आहे.

पुढे सगळं परिवेश पोर्टलवर, म्हणजे पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी वेबसाइटवर. एक टिप : प्रस्तावाचा नंबर नोटिशीतून लिहून ठेवा, कंपनीच्या नावाने शोधत बसलात तर सापडायला वेळ जातो. सुनावणीचं इतिवृत्त जानेवारीतच लागलं होतं, मधले महिने काहीच हालचाल नव्हती, मी चहा पिताना रोज बघायचे. अंतिम अहवाल आला तेव्हा आधी माझ्या पानावर गेले. नकाशा नवीन केला होता, बालवाडी दाखवली होती. एक टाकी भिंतीपासून आत सरकवली होती. झडपेचं उत्तर आकड्यासकट होतं, काका म्हणाले चालेल. डिसेंबरची मोजणी नाही केली, "पुढील टप्प्यात करू". मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीच्या मिनिट्समध्ये आमच्या सुनावणीवर अर्धं पान.

ऑगस्ट 2023 मध्ये मंजुरी मिळाली, अटींसह. अटींमध्ये गेटवर हवेच्या आकड्यांचा बोर्ड आणि वर्षाला रहिवाशांसोबत तालीम. पुढे हरित लवादात अपील करायला 30 दिवस असतात, पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्याला. ग्रुपवर दोन रात्री चर्चा झाली. मी नको म्हटलं. अटी चांगल्या होत्या आणि त्या पाळून घ्यायलाच आमची दमछाक होणार हे दिसत होतं. काहींना हे पटलं नाही, ते अजून माझ्याशी जरा तुटक बोलतात.

एक गोष्ट मात्र मला खटकते ती खटकतेच. जानेवारी 2020 मध्ये नियम बदलला आणि तेल-गॅस शोधण्यासाठीच्या ड्रिलिंगला जनसुनावणीची गरज उरली नाही, उत्पादनासाठी आहे, शोधासाठी नाही. त्याच वर्षी 27 मेला आसाममध्ये बागजानची विहीर फुटली, ती उत्पादनातली होती, 9 जूनला पेटली, नोव्हेंबरपर्यंत धुमसत होती, हजारो माणसं छावण्यांत. आम्हाला निदान एक हॉल, एक माईक आणि एक क्लार्क मिळाला. ज्याच्या शेताच्या बांधाला शोधाची विहीर खणतायत त्याला तेवढंही नाही.

कंपनीला दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. गेटवर बोर्ड लागलाय, आकडे पळतात, पावसात एकदा बंद होता, पत्र दिल्यावर सुरू झाला. यंदाच्या जूनच्या अहवालात लिहिलंय की रहिवाशांसोबत तालीम झाली, सायरन वाजवला, प्रतिसाद समाधानकारक. तारीख बघून मी सोसायटीत सगळ्यांना विचारलं, वॉचमनला, रिक्षा स्टँडवर, बालवाडीच्या बाईंना. सायरन कोणीच ऐकला नाही. सासूबाईंच्या कालनिर्णयवर त्या दिवशी फक्त "दूध 1 लि." आहे. त्या पानाचा फोटो जोडून पत्र दिलंय, पोच घेतलीय, आणि तालमीच्या हजेरीपटाची प्रत मागितलीय.